मामांच्या पोटातला उद्यानाचा दगड

मामांची आणि माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. हा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी भरत असे. मी त्यांच्या आधी चार महिने त्या वर्गात दाखल झाले होते. माझे वय तेव्हा सदुसष्ट होते आणि मामांचे छप्पन्न. पहिल्या दिवशी ते दाराशी आले, त्यांनी बूट काढले, बुटांचे तळवे एकमेकांवर आपटले, खाली काय पडले ते वाकून पाहिले, आणि जे पडले ते एका डबीत भरून मगच आत पाऊल टाकले. माझ्या शेजारी बाकावर जागा रिकामी होती. तेथे ते बसले.

शिक्षिकाबाईंनी रीतीप्रमाणे विचारले, "आधी काय लिहायला शिकायचंय? स्वतःचं नाव?"

"नाव नंतर," मामा म्हणाले. "आधी 'म्हातारी' शिकवा."

"घरच्यांना असं म्हणू नये हो."

"घरची नाही, बाई. डोंगर आहे."

आमच्या गावाच्या कडेला जे संरक्षित उद्यान आहे, त्यात चुनखडीची तीन शिखरे आहेत. लोक त्यांना म्हातारी, वाकडा सुळका आणि किसणी म्हणतात. सुटीच्या दिवशी पुष्कळ माणसे ती चढायला येतात. मामा त्या उद्यानाच्या फाटकावर एकतीस वर्षे रखवालदार होते. नेमणुकीच्या दिवशी जुन्या साहेबांनी त्यांना फाटकाशेजारची पाटी वाचून दाखवली होती : "या उद्यानातून काहीही बाहेर नेऊ नये. बाहेरचे काहीही आत ठेवू नये." साहेबांच्या मनात फुले, अंडी आणि लाकूडफाटा असावा. मामांनी मात्र 'काहीही' हा शब्द जसा ऐकला तसा घेतला.

अक्षरे जुळवता येऊ लागल्यावर ते एके दिवशी ती पाटी स्वतः वाचून आले आणि मला म्हणाले, "ताई, अगदी तेच लिहिलंय. साहेब सरळ माणूस होता."

त्यांच्या कामाची पद्धत अशी होती. फाटकापाशी एक स्टूल असे. शिखर उतरून आलेल्या प्रत्येक माणसाला त्यावर पाय ठेवावा लागे. सायकलच्या चाकाची एक तार दगडावर घासून त्यांनी तिला टोक काढले होते. त्या तारेने ते बुटाच्या तळव्यातल्या खाचा उकरून अडकलेले खडे काढत आणि ज्या शिखराचे त्या शिखराच्या डब्यात टाकत. संशय आला की खड्यावर लिंबाचा थेंब पिळत. चुनखडीवर लिंबू पडले की बारीक फेस येतो. फेस न आलेला खडा ते माणसाच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "हा तुमच्याकडचा. घेऊन जा. इथं नको."

सोमवार हा त्यांचा सुटीचा दिवस होता. त्या दिवशी ते डबे घेऊन वर जात आणि खडे परत ठेवून येत. एकदा किसणीच्या डब्यात आठवडाभरात वाटाण्याएवढा एकच खडा जमला होता. त्या एका खड्यासाठी ते साडेपाच तास चालले.

लोक थट्टा करत. एक दाढीवाला तरुण स्टुलावर पाय ठेवून म्हणाला होता, "मामा, पावसानं दरवर्षी केवढा डोंगर विरघळून जातो. त्याला अडवा की!"

"पाऊस माझ्या फाटकातून जात नाही," मामा म्हणाले. "दुसरा पाय."

पुढे नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढले की प्रत्येक डब्यावर शिखराचे नाव लिहिलेले पाहिजे. तोवर मामांनी डब्यांना एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी अशा दोऱ्या बांधल्या होत्या. 'म्हातारी' हा शब्द त्यांना इतक्या तातडीने का हवा होता, ते एवढ्यावरून कळेल. त्या शब्दातले पहिले जोडाक्षर त्यांनी तीन आठवडे गिरवले.

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होताना, एका रविवारी, कोणाचा तरी डावा बूट उकरत असता मामांच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की ते स्टुलाशेजारीच खाली कोसळले. ज्याचा बूट होता त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले. तपासण्या झाल्या. मामी पोहोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून समजावत होत्या. मुतखडा होता, आठ मिलिमीटरचा, आणि तो मूत्रपिंडाच्या खालच्या नळीत अडकला होता. "दहा दिवसांत काढायला हवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर ती किडनी कायमची जाईल. मध्ये ताप आला तर जीवावर बेतेल. उद्याच भरती व्हा."

"कशाचा आहे तो?" मामांनी विचारले.

"कॅल्शियमचा."

"आणि चुनखडीचा डोंगर कशाचा असतो?"

"तोही कॅल्शियमचाच. पण मामा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उलट तुम्ही पाणी कमी पिता म्हणून..."

"मी एकतीस वर्षं फाटकाजवळच्या झऱ्याचं पाणी पितोय," मामा म्हणाले. "म्हातारीच्या पोटातून येतं ते."

मग ते उठून उभे राहिले. जेवणाचा डबा फाटकावर राहिला आहे, तेवढा घेऊन येतो, असे सांगून ते गेले आणि घरी परतले नाहीत.

मंगळवारी मामा वर्गाला आले नाहीत. आल्यापासून त्यांचा एकही दिवस चुकला नव्हता, म्हणून मी बुधवारी सकाळी उद्यानाकडे गेले. फाटकाचा आडवा दांडा खाली होता. दांड्याच्या आत मामा कुशीवर हात दाबून स्टुलावर बसले होते आणि बाहेर मामी उभ्या होत्या.

"आत ये की," मामा म्हणत होते.

"आत यायला तिकीट लागतं. नवऱ्याला भेटायला तिकीट काढू? लोक काय म्हणतील? तुम्हीच या बाहेर."

"बाहेर कसा येऊ? आत दगड आहे ना माझ्या."

मला पाहताच मामी माझ्याकडे वळल्या. "बघा ताई! लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. पोटात एक ओठात एक असा हा माणूस कधी नव्हता. आता पोटात एक आहे, तर त्याच्यापायी मरायला निघालाय!"

मामांनी मला सर्व समजावून सांगितले. त्यांच्या मते खडा झऱ्याच्या पाण्याचा, पाणी म्हातारीचे, आणि म्हणून खडा उद्यानाचा होता. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने तो निदान दोन वर्षे वाढत असणार, म्हणजे दोन वर्षे ते रोज संध्याकाळी उद्यानाचा दगड घेऊन घरी जात होते. "लोकांचे बूट तपासतोय, आणि चोर मीच," ते म्हणाले. "कुंपणानंच शेत खाल्लं, ताई." नियमभंगाच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने नोंद केली होती, ती मला उघडून दाखवली. अक्षर सुबक होते : फाटकावरील मामा. दगड एक. पोटात.

तो दिवस दहापैकी तिसरा होता.

साहेबांची कचेरी फाटकापासून पन्नास पावलांवर होती. मामीही अखेर तिकीट काढून आत आल्या आणि आम्ही तिघे साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब पस्तिशीचे, चष्मेवाले आणि स्वभावाने शांत होते. पहिली दहा मिनिटे ते शांत राहिलेही.

"मामा, नियम डोंगरावरच्या दगडांसाठी आहे."

"हा डोंगरावरचाच आहे. फक्त पाण्यातून आलाय."

"पण तुमच्या पोटात आहे तो!"

"साहेब, लोक खिशात आणतात, मोज्यात आणतात. एका बाईंनी अंबाड्यात आणला होता. कुठंही असू दे, फाटक ओलांडलं की ओलांडलं."

"मी तुम्हाला हुकूम देतो. ताबडतोब दवाखान्यात जा."

"लेखी द्या."

साहेबांनी लेखणी उचलली. 'उद्यानातील दगड बाहेर नेण्याचा हुकूम देण्यात येतो' एवढे लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच वाचले आणि कागद चुरगाळून टाकला. मग त्यांनी वरिष्ठ कचेरीला दूरध्वनी लावला. वरिष्ठ कचेरीने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की उद्यानातून नमुना बाहेर नेण्यासाठी एक ठरलेला अर्ज आहे. तो भरावा, म्हणजे प्रश्न मिटेल. दगड कोणाच्या आत आहे याबद्दल वरिष्ठ कचेरीला काही देणेघेणे नव्हते.

अर्ज यायला दोन दिवस लागले. तो पाच पानी होता आणि संशोधकांसाठी छापलेला होता. मामांना कळेमुळे बसून लिहवत नव्हते, म्हणून सांगणारे ते आणि लिहिणारी मी, असे ठरले. रखवालदाराची खोली लहान होती. एक खाट, एक खिडकी, खिडकीत तीन डबे, भिंतीला टांगलेले दोन ब्रश. मामा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. मी डबे ठेवायच्या फळीवर कागद ठेवून उभ्याने लिहीत होते. प्रत्येक रकाना लिहून झाला की मी तो मोठ्याने वाचत असे.

"नमुन्याचा प्रकार : खडा. नमुन्याची संख्या : एक. नमुना बाहेर नेण्याचा उद्देश?"

"जीव वाचवणं!" मामी दारातून म्हणाल्या.

"तसं चालत नाही," त्यांच्यामागे उभे असलेले साहेब म्हणाले. "तिथं फक्त अभ्यास किंवा प्रदर्शन यांपैकी एकच."

मी 'अभ्यास' लिहिले.

"नमुना कोणत्या पात्रात नेला जाईल : डबा, पिशवी, अन्य."

मामांनी डब्याला आणि पिशवीला नकारार्थी मान हलवली. मग मामा म्हणाले, "अन्य लिहा. पुढं लिहा, अर्जदारात." मी तसे लिहिले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

'मूळ शिखर' या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. झरा म्हातारीचा कशावरून, याचा पुरावा साहेबांनी मागितला. तो वाकड्या सुळक्याचाही असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मामांनी सांगितले की अकरा वर्षांपूर्वी म्हातारीच्या खांद्यावरच्या विवरात एका गृहस्थाची गवती टोपी वाऱ्याने उडून पडली होती. चुनखडीचा डोंगर आतून पोकळ असतो. चौथ्या दिवशी ती टोपी झऱ्यातून बाहेर आली. मामांनी ती वाळवून त्या गृहस्थाला टपालाने पाठवली होती, कारण बाहेरचे काहीही आत ठेवायचे नसते. साहेबांनी जुनी आवक-जावक वही काढायला लावली. टपालाची नोंद मिळाली. हा पुरावा शोधण्यात आणखी एक दिवस गेला.

सातव्या दिवशी सकाळी मामांना ताप भरला. डॉक्टरीणबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. "अहो, खडा इथंच काढा म्हणालात तरी मला इथं काढता येणार नाही. आज संध्याकाळपर्यंत मला हा माणूस टेबलावर हवाय!"

"आणि अख्खा हवा," मामा खाटेवरून म्हणाले. "फोडायचा नाही. दुर्बिणीनं काढा."

शेवटचा रकाना उरला होता. नमुना एकवीस दिवसांच्या आत मूळ जागी परत ठेवण्याची हमी द्यायची होती, आणि हमी देणारी व्यक्ती अर्जदाराखेरीज दुसरी असावी, अशी अट होती. ऑपरेशन झालेल्या माणसाला तीन महिने डोंगर चढता येणार नव्हता, तेव्हा हमी म्हणजे प्रत्यक्ष वर जाणेच होते. साहेबांनी कागद मामींपुढे सरकवला.

"मी नाही करणार सही," मामी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी सही केली म्हणजे हे सगळं शहाणपणाचं आहे असं मी म्हटल्यासारखं होईल. ह्यांना काही झालं तर मला कोणावर तरी चिडता आलं पाहिजे."

मला हे पटले. मी कागद ओढून घेतला आणि सही केली. सरकारी कागदावर मी तोपर्यंत अंगठाच उठवला होता. सही जरा मोठी झाली आणि रेघेच्या बाहेर गेली, पण साहेबांनी ती चालवून घेतली.

दुपारी सव्वाबारा वाजता मामा उद्यानाच्या जीपमध्ये आडवे होऊन, परवाना छातीवर दोन्ही हातांनी धरून, रीतसर फाटकाबाहेर पडले. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी खडा अख्खा काढला. मूत्रपिंड वाचले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मामांच्या उशाशी झाकणाची छोटी काचेची बाटली होती आणि तिच्यात तो खडा होता. करडा, खडबडीत, ज्वारीच्या दाण्याच्या दुप्पट. मामा त्याच्याकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "लिंबू आणा."

"राहू द्या ना आता," मामी म्हणाल्या.

"इतरांना एक नियम आणि मला एक, असं कसं? आणा."

मी खाली उतरून दवाखान्याच्या दारातल्या फळवालीकडून लिंबू आणले. चार लिंबे हातात दाबून पाहून त्यांतले सर्वांत ताजे घेतले. मामांनी खडा बशीत ठेवला आणि स्वतः थेंब पिळला. आम्ही तिघे बशीवर वाकलो. फेस आला नाही. त्यांनी दुसरा थेंब पिळला. खडा ओला झाला, एवढेच.

मामांचा चेहरा मी त्यापूर्वी असा पाहिला नव्हता. सात दिवस कळ सोसताना तो पडला नव्हता, तो आता पडला. त्यांच्या स्वतःच्या कसोटीप्रमाणे तो खडा कोणत्याही शिखराचा नव्हता. तो ज्याचा त्याच्या हातावर परत द्यायचा होता, आणि तो त्यांचाच होता.

बशी बाजूला सरकवून ते हळूच म्हणाले, "लिंबू शिळं असेल."

मामींनी माझ्याकडे पाहिले नाही. "शिळंच आहे," त्या म्हणाल्या. "साल बघा ना कशी झालीय. आजकाल चांगली लिंबं मिळतात कुठं?" आणि त्यांनी ते लिंबू उचलून पदराआड धरले.

मी काही बोलले नाही. मी तेव्हा बोलायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण हमीपत्रावर माझी सही होती आणि त्यात लिंबाचा उल्लेख नव्हता.

एकवीसपैकी सोळाव्या दिवशी मी म्हातारी चढायला निघाले. फाटकाशी पाहते तो मामी उभ्या. पायांत मामांचे जुने बूट, पुढच्या बाजूला कापूस कोंबलेले.

"मी दगडासाठी येत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलात तर उचलायला कोणीतरी हवं."

पहिला तासभर वाट झाडीतून जाते. त्यानंतर झाडे संपतात आणि नुसता दगड लागतो. चुनखडीवर पावसाने पाडलेल्या खाचा इतक्या धारदार असतात की हात टेकवताना विचार करावा लागतो. वाटेत जागोजागी भोके आहेत. एका भोकात मामींनी वाटेवरचा एक खडा टाकायला हात उचलला आणि मग तो खडा जेथून घेतला होता तेथेच ठेवला. ओंजळभर पाणीही वर कोठे नाही. सगळे पाणी डोंगर पिऊन टाकतो. मी दर वीस पावलांनी थांबत होते, मामी दर दहा पावलांनी बोलत होत्या. "ह्याच्यासाठी सोमवार! एकतीस वर्षांत एक सोमवार घरी नाही. मला वाटायचं, वर काहीतरी असेल." शेवटच्या टप्प्यात लोखंडी साखळी धरून चढावे लागते. तेथे मात्र त्या गप्प होत्या, आणि मला हात त्यांनीच दिला.

माथा दोन खोल्यांच्या घराएवढा आहे. दगडात कोठे कोठे शिंपल्यांचे ठसे आहेत. खाली गाव काड्यांच्या पेटीएवढे दिसत होते. आम्ही मामांनी परत ठेवलेले खडे शोधू लागलो, कारण त्यांच्या शेजारीच हाही ठेवावा, असे मला वाटले होते. एकतीस वर्षांचे हजारो खडे तेथे असायला हवे होते. आम्ही अर्धा तास शोधले. एकही खडा असा दिसला नाही की जो कोणी आणून ठेवला आहे असे म्हणता येईल. प्रत्येक खडा आपल्या जागी पहिल्यापासून होता तसा होता.

मामी एका दगडावर बसल्या. "काहीच दिसत नाही हो, ताई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने पुन्हा, वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "काहीच दिसत नाही."

पश्चिमेच्या बाजूला, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या एका खाचेत मी बाटली उलटी केली. बाटली खिशात परत घातली, कारण ती बाहेरची होती.

उतरल्यावर मी साहेबांच्या कचेरीत जाऊन 'नमुना परत' या रकान्यात तारीख घातली. मग आम्ही मामांच्या घरी गेलो. ते उशीला टेकून आमची वाट पाहत होते. मी जागा सांगितली. खाच किती खोल, ऊन केव्हा येते, शेजारचे दगड कसे आहेत, हे सर्व त्यांनी विचारले आणि मी जमेल तसे सांगितले. मामी स्वयंपाकघरात पाय शेकत बसल्या होत्या. मी उठून चप्पल घालू लागले तेव्हा मामांनी मला थांबवले.

"ताई, जमलं तर पुढच्या सोमवारी एकदा जाऊन बघून याल का? नवीन आहे तो तिथं."